परसातलं मुंगूस आणि पेव्हर ब्लॉक

एकट्या राहणाऱ्या माणसाला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. नवरा गेला, मुलं परदेशी, घरात बाई एकटी, असं झालं की शेजारीपाजारी महिन्याच्या आत तीन गोष्टी सुचवतात: हास्यक्लबला या, भजनी मंडळात या, नाही तर एखादा कुत्रा पाळा. तिन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले असतात. पण सत्तरी उलटलेल्या, गुडघे धरलेल्या बाईने सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवायचा कसा, तो आजारी पडला तर त्याला रिक्षात कोण घालणार आणि तिच्या पश्चात तो कुणाच्या दारात जाणार, हे सल्ला देणारा विचारत नाही. आणि पहाटे बागेत हात वर करून ठरवून हसणं काहींना जमतं, काहींना ते बघूनच रडू येतं.

आणखी एक सोबत असते, ती मात्र कुणी सुचवत नाही. परसात आपणहून येणाऱ्या रानटी जिवाची. कंपाउंडच्या भिंतीवरून ठरल्या वेळी जाणारं मुंगूस, पेरूवरची खार, पावसाळ्यात मोरीत ठाण मांडणारा बेडूक, मातीच्या परळातल्या पाण्यावर येणारे बुलबुल. याला कुणी पाळणं म्हणत नाही, त्यामुळे ते नातं कशात मोजलंही जात नाही. ही सोबत खरी आहे, जपण्यासारखी आहे, आणि ती जपणं एखाद्या म्हातारीच्या हौसेवर न सोडता घरबांधणीच्या नियमांत यायला हवं, असं माझं म्हणणं आहे. शेवटचा भाग अनेकांना अती वाटेल, याची कल्पना आहे.

माझी आत्या पुण्यात सहकारनगरला, तळजाई टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या बंगल्यात एकटी राहते. मागे चिकूचं झाड, तगर, अळूचा वाफा, धुण्याचा दगड आणि भिंतीलगत जुन्या विटांचा ढीग. तो ढीग उचलून टाका म्हणून माळी दर दिवाळीला मागे लागतो. त्या ढिगाच्या आसपास मुंगसाचा राबता आहे. ऊन भिंतीवरून खाली उतरलं की ते येतं. मुंगूस दिवसा वावरणारा प्राणी, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या दिनक्रमाशी त्याचं जुळतं. घुबडाशी ओळख करायची तर रात्र जागवावी लागली असती. भिंतीच्या कडेकडेने, नाक जमिनीला लावून ते चालतं. मधलं उघडं अंगण ओलांडायचं झालं की आधी मागच्या दोन पायांवर उभं राहतं, पुढचे पाय छातीशी धरून इकडेतिकडे बघतं आणि मग सरळ रेषेत पळत सुटतं. अळूखालची ओली माती पुढच्या नखांनी उकरतं. त्यात कधी किडे, कधी गांडूळ, कधी उंदराचं पिल्लू. त्याच्या एकेका केसावर फिकट आणि गडद पट्टे असतात, त्यामुळे उन्हात आलं की सगळं अंग तीळ लावल्यासारखं दिसतं. शेपटीचं टोक काळं असेल तर ते दुसऱ्या जातीचं, जास्त करून जंगलात राहणारं. वस्तीत दिसतं ते हे साधं करडं. समोरच्या काकूंना आत्या हल्ली हा फरक समजावून सांगते. याच बायका लहानपणी 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणून ओरडत मागे धावलेल्या. त्या शपथेला एखादं मुंगूस बधल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आत्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो. शनिवारी व्हिडिओ कॉल. पूर्वी त्या कॉलची ठरलेली प्रश्नपत्रिका होती: जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बीपी किती, बाई येते ना कामाला? तिने उत्तरं द्यायची आणि दहा मिनिटांत दोन्हीकडचं बोलणं आटायचं. आता ती सांगते, "आज तीन पिल्लं मागे घेऊन आली होती रे, एकामागे एक, शेपटीला नाक लावून." मग नातू धावत येतो, एरवी तो 'हाय आजी' म्हणून पळायचा. एकट्या माणसाची अडचण आपण नेहमी दुःखाच्या अंगाने समजून घेतो. त्याहून साधी आणि रोजची अडचण ही असते की सांगण्यासारखं काही घडतच नाही. दुखणं सांगावंसं वाटत नाही, समोरच्याला घोर लागतो. आणि दुखण्याखेरीज बातमी नसते. मुंगसाने आत्याला रोजची ताजी, कुणालाही सांगता येईल अशी बातमी पुरवली. टीव्हीवरच्या मालिकेला ते जमत नाही, कारण ती मालिका सगळ्यांनीच पाहिलेली असते.

दुसरं असं की एकट्या वृद्धाच्या वाट्याला दिवसभर चौकशीच येते. कामवाली विचारते, औषधवाला विचारतो, मुलगा विचारतो. त्यात माया असते, पण चौकशी होणारं माणूस हळूहळू एक प्रकरण बनतं. मुंगसाला आत्याचं काही देणंघेणं नाही. ते तिच्याकडे बघतं ते धोका आहे की नाही एवढ्याच हिशेबाने, आणि नसेल तर आपल्या कामाला लागतं. इथे वाट बघणारी ती असते, आज का आलं नाही म्हणून काळजी करणारी तीच असते. काळजी घेतली जाणं ही जशी माणसाची गरज आहे तशीच कुणाची तरी काळजी वाटणं हीसुद्धा आहे, आणि या दुसऱ्या गरजेसाठी आपल्या वृद्धकल्याणाच्या कुठल्याही योजनेत जागा नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. उद्या सरकार आणि मुलंबाळं दोघंही म्हणतील, मुंगूस आहे ना, मग आमची काय गरज? एकटेपणा हा आता लहान प्रश्न उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहातल्या एका माणसाला एकाकीपणा ग्रासतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये हे खातं एका मंत्र्याकडे सोपवलं. आपल्याकडे २०१७-१८ च्या देशव्यापी वृद्ध पाहणीत साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सहाजण एकटे राहताना आढळले. टक्का बारीक वाटतो. पण २०११ च्या जनगणनेतच साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते, म्हणजे एकटे राहणारे साठ लाखांच्या घरात जातात. रात्री छातीत दुखायला लागलं तर मुंगूस डॉक्टरला बोलावणार नाही. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन, पोलिसांची फेरी, शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली, मुलाचा शनिवारचा फोन, यातलं काहीही त्याने कमी होत नाही. पण माणसांची सोबत पुरेशी मिळेपर्यंत बाकीच्या सोबती बंद ठेवा, असा युक्तिवाद कुणी करू नये.

खरा वाद आहे तो खाऊ घालण्याचा. कुठल्याही जिवाशी सूत जमलं की आपला हात डब्याकडे जातो. आपल्या संस्कारातच ते आहे: जेवणाआधीची चित्राहुती, श्राद्धाला कावळ्याचा घास, गोग्रास. पण या सगळ्यांत घास आहे, गोणी नाही. मुंबईत काय झालं ते बघा. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, असं डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत होते. दाणे टाकणाऱ्यांत एकटी माणसं पुष्कळ होती, हे दादरला कधीही उभं राहिलेल्या कुणालाही दिसलं असतं. त्यांची पुण्याची भावना खरी होती आणि सोबतीची गरजही. पण गोणीभर ज्वारीवर हजारोंच्या संख्येने जमलेल्या कबुतरांत ओळखीचं कबूतर कुठून सापडणार? जीव वाढले, ओळख एकाशीही झाली नाही, आणि वर्गणी भरली ती शेजारच्या इमारतीतल्या दमेकऱ्यांनी.

मुंगसाचंही तेच होईल. अंडं ठेवायला लागलो तर ते आठवड्याभरात दाराशी येऊन बसेल. माणसाची भीड चेपली की ते पलीकडच्या घरात शिरेल आणि तिथे अंड्याऐवजी काठी असेल. शिवाय मुंगूस सस्तन प्राणी आहे, त्यालाही रेबीज होऊ शकतो. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, त्यात 'आपलंच आहे' असं काही नसतं. आत्याच्या मनात अंडं ठेवायचं एकदा आलं होतं. तिनेच ते मागे घेतलं, आणि तिचं कारण माझ्या सगळ्या शास्त्रापेक्षा बरं होतं: "मी चार महिने अमेरिकेला गेले तर त्याला कोण सांगणार की काकू नाहीत?" ती फक्त उन्हाळ्यात परळात पाणी ठेवते. तेही धुण्याच्या दगडापाशी, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब.

कायद्याचं म्हणणंही शेवटी याच ठिकाणी येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि त्याच्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनेही, मुंगसाला पकडणं, बाळगणं, मारणं गुन्हा ठरवला आहे. चित्रकारांच्या ब्रशांसाठी त्याच्या केसांचा चोरटा धंदा चालतो. २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने त्यावर धाडी टाकल्या होत्या. दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यात 'विठू विठू' म्हणणारा पोपटसुद्धा याच कायद्याने बेकायदा आहे, हे मात्र पेठांतल्या वाड्यांत सांगून बघा. बघण्यावर, वाट बघण्यावर, पाणी ठेवण्यावर मात्र कायदा काही म्हणत नाही. मैत्रीला तो आड येत नाही, मालकीला येतो. आणि मला तो इथे पूर्ण पटतो.

पटत नाही ती त्याची अंमलबजावणी. उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या एका तरुण शेतकऱ्याला २०२२ मध्ये शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने पायावर उपचार केले. पक्षी बरा झाला, उडायला मोकळा होता, पण गेला नाही. याची मोटारसायकल निघाली की वरून उडत सोबत यायचा. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने तो पक्षी उचलून रायबरेलीतल्या समसपूर अभयारण्यात सोडला. तिथून तो निघून जवळच्या गावात सापडला, मग त्याला कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात हलवलं आणि शेतकऱ्याला नोटीस गेली. आता हिशेब मांडा. मोकळ्या आकाशात उडणारा पक्षी 'बाळगला' म्हणून गुन्हा, आणि उपाय म्हणून पिंजरा. त्या तरुणाने सारसाला माणसाची फार सवय लावली, पाय बरा झाल्यावर ताटातला घास थांबवायला हवा होता, असं म्हणायला जागा आहे. तरी त्या पक्ष्यासाठी सगळ्यांत वाईट जागा कोणती, तर त्याला शेवटी जिथे नेलं ती. पकडलेला प्राणी आणि आपणहून येणारा प्राणी यांत फरक करायला वनखात्याच्या शिपायालाही जमायला हवं. तेवढं झालं तर लोक जखमी घारीसाठी किंवा घोरपडीसाठी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायला बिचकणार नाहीत.

एवढं सगळं मान्य झालं तरी पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, ठाण्यात या सोबतीला खरा धोका ना कायद्याचा आहे ना अंड्याचा. तो पेव्हर ब्लॉकचा आहे. बंगला पाडून बारा मजली इमारत उभी राहते तेव्हा बाजूचं मोकळं अंतर नियमाप्रमाणे सुटतं, पण ते तळाशी आवळलेलं असतं. कडेपर्यंत ब्लॉक, त्यावर गाड्या, नाही तर गाड्यांचे लोखंडी मजले. आत सलग आरसीसीची भिंत, वर काचा किंवा तारा. पाणी मुरत नाही, गांडूळ राहत नाही, किडा राहत नाही. मग ते खाणारा येईल कशाला? झाडांना निदान १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, एक झाड तोडायला परवानगी लागते. झाडाखालच्या मातीला कुणी वाली नाही. चिकू वाचतो, त्याच्या बुंध्याभोवती हातभर चौकट सोडून बाकी सिमेंट होतं आणि नकाशावर हिरवा ठिपका कायम राहतो.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोकळ्या जागेची अट आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर दहा टक्के जागा मोकळी ठेवायची. ऐकायला बरं वाटतं. जुन्या बंगल्यांच्या सोसायट्यांतले भूखंड याच्या कितीतरी आत असतात, म्हणजे ज्या ठिकाणी परस उरले आहेत नेमकं तिथेच ही अट लागत नाही. आणि जिथे लागते तिथेही मोकळी म्हणजे सगळी मातीच असेल असं नाही. पार्किंगच्या स्लॅबवर लॉन अंथरून, दोन पाम लावून, 'पोडियम गार्डन' म्हणून तिचा काही भाग दाखवला जातो. पोडियमवर मुंगूस चढत नाही.

मग मागायचं काय? फार नाही. ब्रिटनमध्ये हेजहॉग नावाचा काटेरी अंगाचा लहान प्राणी घरांच्या परसांतून फिरतो. कुंपणं बंद झाल्यामुळे तो कमी होत चालला, म्हणून २०११ पासून तिथे लोकांना एकच विनंती केली जाते: तुमच्या कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांबरुंद भोक ठेवा. एवढंच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी अशी भोकं पाडली आणि परसाला परस जोडलं गेलं. आपल्याकडे दोन गोष्टी नियमांत बसवता येतील. पुनर्विकासाच्या प्रत्येक भूखंडावर, कितीही लहान असो, मागच्या हद्दीलगत एक सलग पट्टा उघड्या मातीचा, ज्यावर ब्लॉक, टाकी, जनरेटर यातलं काही येणार नाही. आणि हद्दीच्या भिंतीला जमिनीलगत, पाणी जायला ठेवतात तशी, थोडी मोठी भोकं. खर्च शून्याच्या आसपास. शेजारच्या तीन भूखंडांनी हेच केलं की टेकडीपासून गल्लीपर्यंत वाट तयार होते.

तिसरी गोष्ट सोसायटीच्या हातात आहे, त्याला सरकार नको. उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकणारं पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस झिंगत फिरतो आणि घुबडाच्या नाही तर मुंगसाच्या तोंडी जातो. आधी कचऱ्याची झाकणं बंद करा, मग वड्यांचं बघू.

साप येतील, असं कुणीतरी म्हणणारच. सोसायटीच्या सभेत माती, झाड किंवा पालापाचोळा यांचा विषय निघाला की तिसऱ्या मिनिटाला साप निघतो. साप उंदरांमागे येतो, उंदीर कचऱ्यामागे, आणि कचरा कुणाचा हे सभेला ठाऊक असतं. मुंगूस आहे म्हणजे साप नाहीत, अशी हमी मी देणार नाही. ते जास्त करून किडे आणि उंदीर खातं, नागाशी लढाई ही त्याच्या दिनक्रमातली क्वचितची गोष्ट. पण सापाच्या भीतीने माती झाकायची तर रस्त्यावरच्या गाड्यांच्या भीतीने रस्तेही बुजवायला लागतील.

आत्याच्या गल्लीतले चार बंगले एकत्र करून इमारत बांधायचा प्रस्ताव आला आहे. बिल्डरने पडद्यावर चित्रं दाखवली. ज्येष्ठांसाठी खास कट्टा, त्यावर प्लास्टिकचं गवत, गोट्यांची अ‍ॅक्युप्रेशर पायवाट, एक झोपाळा. आत्याने विचारलं, मागच्या भिंतीलगत माती किती सोडणार? "काकू, तिथे मेकॅनिकल पार्किंग येतंय. पण तुम्हाला नवव्या मजल्यावरून तळजाई अख्खी दिसेल." नवव्या मजल्यावरून टेकडी दिसते हे खरं आहे. मुलाचंही म्हणणं आहे की लिफ्ट, सुरक्षारक्षक, शेजार, सगळं मिळेल, आई, सही कर. तो चुकीचं सांगत नाही, आणि एकट्या बाईने जुन्या बंगल्यात जिवावर उदार होऊन राहावं असं मीही म्हणणार नाही. इमारत व्हावी. तिने फक्त करारात एक कलम घालायला सांगितलं: मागच्या हद्दीलगत चार फूट रुंदीचा मातीचा पट्टा, विटांचा ढीग आहे तसा, आणि भिंतीला तळाशी दोन भोकं. बिल्डरचा वकील म्हणाला, 'इतर सुविधा'मध्ये टाकून देतो. आत्याने कागद परत केला. पार्किंग जसं नकाशात चौरस फुटांत दाखवलंय तसं हेही दाखवा, मग बघू, म्हणाली. सही अजून बाकी आहे.